पंथ आणि दप्तर

धर्मपंथ आणि राज्यसत्ता यांच्यातील कलह जगाला नवा नाही. कोठे तो देवस्थानांच्या इनामांवरून झाला, कोठे राजाने कोणाच्या हातून अभिषेक करून घ्यावा यावरून झाला, तर कोठे एखादे मत चारचौघांत उच्चारावे की नाही एवढ्यावरूनच शेकडो कुटुंबे देशोधडीला लागली. परंतु एखाद्या पंथाने एका बलाढ्य सरकारशी जवळजवळ तीस वर्षे झुंज द्यावी, आणि ती जमिनीसाठी नव्हे, पूजेच्या हक्कासाठी नव्हे, तर सरकारी कपाटांत आपल्याविषयी जे कागद साठले आहेत ते पाहण्यासाठी, ते खोटे ठरविण्यासाठी, आणि कायद्याने ते मिळेनात तेव्हा रात्री कचेरीत शिरून त्यांच्या नकला काढण्यासाठी द्यावी, हा प्रकार मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतच घडला. त्या पंथाचे नाव सायंटॉलॉजी. त्याची तत्त्वे खरी की खोटी, त्याला धर्म म्हणावे की व्यापार, याविषयी दोन्ही बाजूंनी ग्रंथ लिहिले गेले आहेत, आणि त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. आपल्याला पाहावयाचे आहे ते त्याचे आणि सरकारी दप्तराचे नाते.

पंथाचे संस्थापक एल. रॉन हबर्ड हे 1911 साली नेब्रास्का प्रांतात जन्मलेले, स्वस्त मासिकांतून साहसकथा आणि विज्ञानकथा लिहून चरितार्थ चालविणारे गृहस्थ होते. 1950 च्या मे महिन्यात त्यांचा ‘डायनेटिक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मनुष्याच्या मनात पूर्वीच्या आघातांचे ठसे साचून राहतात आणि प्रश्नोत्तरांच्या एका विशिष्ट पद्धतीने ते पुसून टाकता येतात, असा त्यातील सिद्धांत होता. तीन-चार वर्षांतच या उपचारपद्धतीने धर्माचे रूप धारण केले आणि लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन अशा शहरांतून सायंटॉलॉजीची ‘चर्चे’ नोंदविली गेली. प्रश्नोत्तरांच्या विधीला ते ऑडिटिंग म्हणतात. त्या वेळी साधक दोन्ही हातांत धातूचे डबे धरून बसतो, ते डबे त्वचेचा विद्युत्‌रोध मोजणाऱ्या ई-मीटर नावाच्या यंत्राला जोडलेले असतात, आणि काट्याच्या हालचालीवरून समोरचा मार्गदर्शक पुढचा प्रश्न ठरवितो. या विधीसाठी ठरावीक रक्कम द्यावी लागते, आणि पायरी जितकी वरची तितकी ती रक्कम मोठी. सरकारशी जो तंटा झाला त्याच्या मुळाशी हे यंत्र आणि ही रक्कम या दोनच गोष्टी होत्या, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची हकीकत समजण्यास सोपी जाते.

यंत्राचा तंटा आधी उद्‌भवला. 4 जानेवारी 1963 रोजी अन्न व औषध खात्याच्या अंमलदारांनी वॉशिंग्टनमधील चर्चवर छापा घालून ई-मीटर आणि पुस्तके जप्त केली. रोग बरे करण्याचे खोटे दावे करून वैद्यकीय उपकरण विकले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. खटला आठ वर्षे चालला आणि अखेर 1971 मध्ये न्यायाधीश गेझेल यांनी, हे यंत्र केवळ धार्मिक विधीपुरते वापरावे आणि त्याला वैद्यकीय गुण नाही अशी सूचना त्यावर लावावी, या अटीवर जप्त माल परत देवविला. रकमेचा तंटा त्याहून चिवट निघाला. 1967 मध्ये प्राप्तिकर खात्याने कॅलिफोर्निया चर्चची करमाफी रद्द केली, आणि ही संस्था धर्मकार्यासाठी नव्हे तर नफ्यासाठी व संस्थापकाच्या हितासाठी चालते असा शेरा मारला. ज्या देशात धर्मसंस्थेला कर नाही आणि तिला दिलेल्या दानावर दात्यालाही करात सूट मिळते, त्या देशात हा शेरा म्हणजे धर्मपणाची सनदच काढून घेण्यासारखे होते.

असा शेरा ज्या कागदांच्या आधारे मारला जातो ते कागद कोणी लिहिले, त्यांत कोणाची जबानी आहे, कोणत्या खात्याने कोणत्या खात्याला काय कळविले, हे जाणून घेण्याची इच्छा अशा वेळी कोणालाही होईल. पंथाचा संशय अगदीच निराधार होता असेही म्हणता येत नाही. प्राप्तिकर खात्याने 1969 मध्ये एक खास गुप्त विभाग काढला होता, आणि कराशी ज्यांचा संबंध थोडा पण राजकारणाशी अधिक अशा अकरा हजारांच्या वर व्यक्तींच्या व संस्थांच्या मिसली त्याने चार वर्षांत तयार केल्या. तो विभाग 1973 मध्ये बरखास्त झाला आणि पुढे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, चौकशीत त्याची लक्तरे वेशीवर टांगली गेली. तो काळच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा, वॉटरगेट प्रकरणाचा आणि ध्वनिफितींचा होता. सरकार आपल्याविषयी काय लिहून ठेवते या प्रश्नाने त्या दिवसांत कितीतरी सभ्य आणि निरुपद्रवी माणसांचीही झोप उडविली होती.

या प्रश्नाला कायद्याचे उत्तर अमेरिकेत आधीच तयार होते. 4 जुलै 1966 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्यावर सही केली. कोणीही मनुष्य, कारण न सांगता, केंद्र सरकारच्या कोणत्याही खात्याकडे कागद मागू शकतो. खात्याने ते दिले पाहिजेत. द्यावयाचे नसतील तर कायद्यात सांगितलेल्या नऊ अपवादांपैकी कोणता लागू आहे हे दाखविले पाहिजे, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. आपल्याकडे महाराष्ट्राने 2002 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये माहितीच्या अधिकाराचे जे कायदे केले, त्यांची कल्पना ज्याला आहे त्याला ही रचना परकी वाटणार नाही. परंतु पहिला कायदा दुबळा होता. मुदत नव्हती, आणि खात्याने ‘गुप्त’ म्हटले की न्यायाधीशालाही कागद उघडून पाहता येत नसे. ही वैगुण्ये दूर करणारी दुरुस्ती 1974 मध्ये झाली. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ती नाकारली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात काँग्रेसने त्यांचा नकार झुगारून ती संमत केली.

योगायोग असा की, ज्या नोव्हेंबरात नागरिकाला सरकारी दप्तराचे दार रीतसर उघडून मिळाले, त्याच नोव्हेंबरात पंथाने दुसरे दार शोधले. महिन्याच्या पहिल्याच दिवशी प्राप्तिकर खात्याच्या मुख्य कायदा-सल्लागाराच्या बैठकीच्या खोलीत पंथाच्या माणसांनी ध्वनिग्राहक यंत्र लपवून ठेवले आणि पंथाच्या करमाफीविषयी तेथे झालेली चर्चा बाहेर उभ्या केलेल्या मोटारीत बसून ऐकली. त्यानंतर काही दिवसांनी जेराल्ड वुल्फ नावाचा इसम त्याच खात्यात टंकलेखक कारकून म्हणून रुजू झाला. पगार सरकारचा आणि चाकरी पंथाची, अशी त्याची स्थिती होती.

या उद्योगाचे मूळ सुमारे दीड वर्ष आधीचे आहे. हबर्ड त्याआधी काही वर्षे आपल्या जहाजांवर राहत आले होते, आणि भूमध्य समुद्रातील एकामागून एक बंदरे त्या जहाजांना थारा देईनाशी झाली होती. अमेरिका व इंग्लंड येथील सरकारांनी आपल्याविषयी खोटे अहवाल देशोदेशी पाठविले असल्यामुळे हे घडते, अशी त्यांची धारणा झाली. म्हणून 1973 च्या एप्रिल महिन्यात त्यांनी ‘स्नो व्हाइट’ या नावाने एक योजना लिहून काढली: निरनिराळ्या देशांच्या दप्तरांतून, तसेच इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस-संघटनेच्या दप्तरातून, खोटे कागद शोधून ते कायदेशीर मार्गाने रद्द करवून घ्यावेत. मूळ लेखात कायद्याचाच मार्ग सांगितलेला होता, हे पंथाचे म्हणणे खरे आहे. परंतु ती योजना अमलात आणण्याचे काम गार्डियन्स ऑफिस या विभागाकडे होते. त्याची सर्वोच्च सूत्रे हबर्ड यांच्या पत्नी मेरी सू यांच्या हाती होती, इंग्लंडातून जेन केम्बर ही त्याचा कारभार पाहत असे, आणि हेरगिरीची शिस्त त्या विभागाच्या हाडीमासी खिळलेली होती. अर्ज करून सहा महिने वाट पाहावी आणि अर्धवट उत्तर यावे, त्यापेक्षा कुलूप उघडावे हे त्यांना सोपे वाटले.

या प्रकरणातील मला सर्वांत उद्‌बोधक वाटणारी गोष्ट अशी की, चोरी आणि कायदा ही दोन्ही साधने पंथाने एकाच वेळी आणि एकाच कागदांसाठी वापरली. एकीकडे वकील न्यायालयात उभे राहून प्राप्तिकर खात्याच्या व न्याय खात्याच्या मिसली माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याखाली मागत होते. दुसरीकडे वुल्फ आणि त्याचा वॉशिंग्टनमधील वरिष्ठ मायकेल मायझनर हे ज्या सरकारी वकिलांकडे त्याच दाव्यांचे काम होते त्यांच्या खोल्यांत रात्री शिरत, सरकारच्याच यंत्रावर सरकारच्याच कागदावर नकला काढीत, आणि मूळ कागद जागच्या जागी नीट ठेवून परतत. खटल्यात सरकार कोणता मुद्दा मांडणार, कोणता कागद का लपविणार, हे न्यायाधीशाला कळण्यापूर्वीच पंथाला ठाऊक असे. मागितलेला कागद आधीच हाती असताना तो मिळावा म्हणून न्यायालयापुढे कैफियत मांडण्याचा हा प्रकार कायद्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

1976 च्या उन्हाळ्यात हा खेळ उघडकीस आला, आणि तो एखाद्या गुप्तहेराच्या बुद्धिकौशल्याने नव्हे तर ग्रंथालयातील एका साध्या संशयामुळे. नेथन डोडेल या सरकारी वकिलाच्या कचेरीत जाण्यासाठी हे दोघे वॉशिंग्टनच्या न्यायालय-इमारतीतील ग्रंथालयात रात्री बसत. तेथील रात्रपाळीच्या ग्रंथपालाला त्यांचे वर्तन खटकले, वर्दी गेली, आणि 11 जून रोजी एफ.बी.आय.च्या अंमलदारांनी त्यांना गाठले. दोघांनीही बनावट ओळखपत्रे दाखवून वेळ मारून नेली. वुल्फला महिनाअखेर अटक झाली. मायझनर पळाला, आणि पंथाने त्याला वर्षभर लपवून ठेवले. पुढे पुढे ते लपविणे कमी आणि कोंडून ठेवणे अधिक असे झाले. 1977 च्या जूनमध्ये तो निसटून एफ.बी.आय.च्या स्वाधीन झाला आणि त्याने सर्व जबानी दिली. 8 जुलै रोजी लॉस एंजेलिस आणि वॉशिंग्टन येथील पंथाच्या इमारतींवर शंभराहून अधिक अंमलदारांनी एकाच वेळी झडती घातली, आणि तेथे सरकारी दप्तरांतून आणलेल्या नकलांचे गठ्ठेच्या गठ्ठे सापडले. शिवाय पंथाचा स्वतःचा पत्रव्यवहार इतका बारकाईने जपून ठेवलेला होता की कोणी कोणाला कोणता हुकूम केला हे सिद्ध करण्यास सरकारला फारसे श्रम पडले नाहीत. दुसऱ्याच्या दप्तराची भीती बाळगणाऱ्यांनी आपले दप्तर मात्र अगदी चोख ठेवले होते.

1978 मध्ये अकरा जणांवर आरोप ठेवण्यात आले, आणि 1979 च्या ऑक्टोबरात मेरी सू हबर्ड यांच्यासह नऊ जण वॉशिंग्टनच्या न्यायालयात दोषी ठरले. मेरी सू यांना पाच वर्षांची शिक्षा झाली, परंतु त्यातील सुमारे एक वर्षच त्यांनी तुरुंगात काढले. जेन केम्बर व तिचा एक सहकारी यांना इंग्लंडातून आणवून पुढच्या वर्षी त्यांच्यावर घरफोडीचा गुन्हा शाबीत करण्यात आला. खुद्द हबर्ड यांचे नाव आरोप न ठेवलेला सहकटकारी म्हणून नोंदले गेले; ते 1980 मध्ये अज्ञातवासात गेले आणि 1986 च्या जानेवारीत तेथेच वारले. गार्डियन्स ऑफिस हा विभाग स्वैर झाला होता आणि आम्ही तो मोडून टाकला, ही पंथाची त्यानंतरची अधिकृत भूमिका आहे. कॅनडातही याच विभागाने ओन्टारिओ प्रांताच्या सरकारी कचेऱ्यांत आपली माणसे पेरली होती, आणि त्याबद्दल टोरोंटोचे चर्च 1992 मध्ये विश्वासघाताच्या गुन्ह्यात दोषी ठरले.

टोरोंटोच्या प्रकरणाला एक शेपूट आहे, आणि ते सांगण्यासारखे आहे. तेथील चर्चच्या 1983 मधील झडतीत जप्त झालेल्या कागदांपैकी काही न्यायालयाने मोहोरबंद ठेवले होते. ते मोहोरबंद कागद केसी हिल या सरकारी वकिलाने हुकूम मोडून उघडविले, असा जाहीर आरोप पंथाच्या वकिलाने न्यायालयाच्या पायऱ्यांवर पत्रकारांसमोर केला. तो निखालस खोटा ठरला. हिल यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि ज्युरीने त्यांना 16 लाख डॉलर देवविले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ती रक्कम कायम केली. सुनावणीत निघालेली गोष्ट अशी की, पंथाने हिल यांच्याविषयी कितीतरी वर्षे आधीपासून एक मिसल ठेवली होती आणि त्यांची गणना शत्रूंत केली होती. सरकारने आपल्याविषयी खोट्या नोंदी ठेवू नयेत असे म्हणणाऱ्यांनी सरकारी नोकरांविषयी कशा नोंदी ठेवल्या, हे न्यायालयाने आपल्या निकालपत्रात नमूद करून ठेवले आहे.

येथवरची हकीकत वाचून वाचकाचे मत पंथाविरुद्ध झाले असेल तर त्यात नवल नाही. पण न्याय असा आहे की, याच पंथाने कायद्याच्या मार्गाने जे दावे लढविले, त्यांचा लाभ पुढे त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांना झाला. पैसा मुबलक आणि चिकाटी अमर्याद असल्याशिवाय सरकारी खात्याशी वर्षानुवर्षे लढता येत नाही. एकट्यादुकट्या नागरिकाजवळ यांपैकी काहीच नसते, आणि या पंथाजवळ दोन्ही होते. नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या गुप्तचर खात्याशी झालेला दावा हे त्याचे उत्तम उदाहरण. तुमच्याविषयी आमच्याकडे एकही कागद नाही, असे त्या खात्याने प्रथम साफ सांगितले. पुढे सी.आय.ए.कडून कळले की या खात्याकडून आलेले सोळा कागद त्यांच्याजवळ आहेत. तेव्हा गुप्तचर खात्याने पुन्हा शोध घेतला, आणि पंधरा कागद कोठारात ‘सापडले’. 1979 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने खात्याची चांगलीच कानउघाडणी केली: शोध घेतला एवढे म्हणून भागत नाही, कोठे आणि कसा घेतला हे तपशीलवार सांगितले पाहिजे, आणि शोधण्यातील ढिलाईने जबाबदारी टाळता आली तर कायदा नावापुरताच उरेल. कागद ‘सापडत नाही’ हे उत्तर ज्याने कोणत्याही सरकारी खिडकीपाशी ऐकले आहे त्याला या निकालाचे मोल सांगावयास नको.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. 1977 च्या झडतीत जप्त झालेले पंथाचे स्वतःचे कागद सुनावणीच्या निमित्ताने न्यायालयात दाखल झाले आणि न्यायाधीश रिची यांनी ते जनतेसाठी खुले केले, तेव्हा हे आमचे खाजगी कागद आहेत, ते बंद ठेवा, अशी विनंती घेऊन पंथ वरच्या न्यायालयात गेला. 1980 च्या निकालात त्या न्यायालयाने सहा कसोट्या घालून दिल्या: जनतेला कागद पाहण्याची गरज किती, तो आधी खुला होता का, हरकत कोणाची, तिच्यामागे कोणता हक्क वा कोणती खाजगी बाब, उघडल्याने खटल्यावर काय परिणाम होईल, आणि मुळात तो कागद न्यायालयात कशासाठी आला. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध हबर्ड’ हे त्या खटल्याचे नाव. वॉशिंग्टनमध्ये एखादी मोहोरबंद मिसल उघडावी अशी मागणी वृत्तपत्रे करतात, तेव्हा ‘हबर्ड-कसोटी’ या नावाने याच सहा कसोट्यांचा आधार आजही घेतला जातो. बंद दाराचा आग्रह धरणाऱ्याच्या नावाने दार उघडण्याचा नियम ओळखला जावा, अशी गंमत न्यायशास्त्रातही कधी कधी घडते.

सर्वोच्च न्यायालयापुढे मात्र पंथ हरला. 1980 मध्ये त्याने प्राप्तिकर खात्याकडे आपल्याविषयीचे सर्व कागद मागितले होते. करदात्याची माहिती गुप्त ठेवण्याचा एक स्वतंत्र कायदा अमेरिकेत आहे, आणि ज्या स्वरूपात ती कोणाही विशिष्ट करदात्याशी जोडता येत नाही अशी माहिती त्यातून वगळलेली आहे. पंथाचा युक्तिवाद असा की, कागदातील नावे व खुणा खोडून टाकल्या म्हणजे उरलेला मजकूर गुप्त राहत नाही. आपल्या माहिती-अधिकाराच्या कायद्यातील कलम 10 मध्येही गुप्त भाग वेगळा काढून बाकीचा देण्याची तरतूद आहेच, त्यामुळे हा युक्तिवाद सकृद्दर्शनी समंजस वाटतो. पण नोव्हेंबर 1987 मध्ये मुख्य न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालात तो फेटाळला गेला: व्यक्तिगत मिसलीतील माहिती नाव खोडल्याने आपले गुप्त स्वरूप गमावत नाही, आकडेवारीत मिसळून तिचे रूपच बदलले तर गोष्ट वेगळी. खालच्या न्यायपीठावर असताना न्यायमूर्ती स्कालिया यांनीच हे मत मांडले होते, आणि म्हणून ते या सुनावणीत बसले नाहीत.

दप्तराचा हा तंटा संस्थेपुरता मर्यादित नव्हता. तो संस्थापकाच्या चरित्रापर्यंत पोहोचला. हबर्ड दुसऱ्या महायुद्धात नौदलात अधिकारी होते. युद्धात आपण आंधळे व पंगू झालो आणि आपल्याच पद्धतीने स्वतःला बरे केले, अशी कथा पंथात सांगितली जाते, आणि साऱ्या सिद्धांताचे प्रमाण म्हणून तिला मोठे महत्त्व आहे. माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याने नौदलाचे दप्तर खुले झाले तेव्हा त्यातील चित्र निराळे दिसले. युद्धातील जखमेची नोंद नाही. अल्सर, डोळे येणे अशा तक्रारींच्या नोंदी आहेत. 1943 च्या मे महिन्यात ओरेगॉनच्या किनाऱ्याजवळ आपल्या लहान जहाजावरून त्यांनी दोन जपानी पाणबुड्यांशी झुंज दिल्याचे कळविले, तर अॅडमिरल फ्लेचर यांनी चौकशी करून त्या भागात पाणबुडीच नव्हती असा निष्कर्ष लिहिला. पुढे मेक्सिकोच्या हद्दीतील बेटांच्या दिशेने तोफा डागल्यामुळे त्यांच्याकडून जहाज काढून घेण्यात आले. सेवामुक्तीच्या दाखल्याच्या तर दोन प्रती निघाल्या: सरकारी दप्तरातील एक साधी, आणि पंथाने दाखविलेली दुसरी, जीत कितीतरी अधिक पदके आहेत. हबर्ड गुप्तचर सेवेत असल्यामुळे सरकारने त्यांचे खरे दप्तर दडविले आणि खोटे ठेवले, असे पंथाचे उत्तर आहे. हे उत्तर खोडून काढता येत नाही, आणि हाच त्याचा दोष आहे. जो कागद आपल्या बाजूचा तो खरा आणि जो विरुद्ध तो कटाचा पुरावा, अशी भूमिका घेतल्यावर जगातील कोणतेही दप्तर काहीच सिद्ध करू शकत नाही.

आता करमाफीकडे वळू. 1984 मध्ये कर-न्यायालयाने कॅलिफोर्निया चर्चची करमाफी रद्द करण्याचा निर्णय कायम केला. संस्था व्यापारी हेतूने चालते, तिचे उत्पन्न संस्थापकाच्या उपयोगी पडते, आणि तिने कर खात्याच्या कामात अडथळा आणण्याचा कट केला, अशी तीन कारणे त्याने दिली. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ऑडिटिंगसाठी दिलेली रक्कम हे दान नव्हे, कारण तिच्या बदल्यात काही मिळते, असा निवाडा केला. न्यायालयांत सरकार असे सगळीकडे जिंकत असताना, 1991 मध्ये पंथाचे नवे प्रमुख डेव्हिड मिस्कॅव्हिज यांनी प्राप्तिकर आयुक्त फ्रेड गोल्डबर्ग यांची भेट घेतली, वाटाघाटी सुरू झाल्या, आणि 1 ऑक्टोबर 1993 रोजी सरकारने पंथाच्या सर्व संस्थांना करमाफी बहाल केली. एका आठवड्यानंतर लॉस एंजेलिसच्या क्रीडागृहात सुमारे दहा हजार अनुयायांपुढे मिस्कॅव्हिज यांनी युद्ध संपल्याची घोषणा केली. जिंकणाऱ्याने तह का केला, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. खात्याविरुद्ध पंथाचे आणि अनुयायांचे डझनावारी दावे चालू होते आणि खाते त्यांनी जेरीस आले होते, हे त्याचे सर्वांत विश्वसनीय उत्तर आहे.

तहाच्या अटी कोणी सांगेनात. करमाफीसाठी पंथाने दाखल केलेले अर्जाचे कागद कायद्याने कोणालाही पाहता येत होते, परंतु ज्या करारनाम्याने सारा व्यवहार मिटला तो करदात्याची गुप्त माहिती म्हणून खात्याने बंद ठेवला. म्हणजे 1987 मध्ये जो नियम पंथाविरुद्ध लागू झाला होता, तोच आता दोघांनाही सोयीचा झाला. पंथाने माहिती-स्वातंत्र्याचे दावे मागे घेतले. अखेर 30 डिसेंबर 1997 रोजी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने तो करारनामा मिळवून प्रसिद्ध केला: पंथाने 1 कोटी 25 लाख डॉलर भरले होते, दोन्ही बाजूंनी तपास व दावे सोडले होते, आणि कराराचे पालन पाहण्यासाठी पंथाच्याच अधिकाऱ्यांची एक समिती नेमली होती. ऑडिटिंगची रक्कम करातून वजा करण्यास मनाई करणारा 1978 चा खात्याचा आदेश तर 1993 मध्येच रद्दबातल झाला होता, सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा मागे उभा असतानाही.

याचा परिणाम कोणावर झाला पाहा. कॅलिफोर्नियातील एका ज्यू दांपत्याने आपल्या मुलांच्या शाळेच्या शुल्कातील धार्मिक शिक्षणाचा हिस्सा करातून वजा करण्याची मागणी केली. सायंटॉलॉजीच्या अनुयायांना धार्मिक शिक्षणाचा खर्च वजा करता येतो, मग आम्हांला का नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. प्राप्तिकर खात्याने त्यांना पाठविलेल्या एका पत्रातच, कराराप्रमाणे सायंटॉलॉजीच्या अनुयायांना विधींच्या खर्चापैकी 80 टक्के वजा करता येतात, असे लिहिलेले होते. तरीही तो करारनामा न्यायालयापुढे ठेवण्यास खाते तयार नव्हते. 2002 मध्ये नवव्या मंडलाच्या वरिष्ठ न्यायालयाने या लपवालपवीबद्दल नापसंती व्यक्त केली, एकाच पंथाला अशी सवलत देणे राज्यघटनेशी विसंगत ठरेल असेही म्हटले, पण बेकायदा सवलत दुसऱ्यालाही द्या असे सांगणे न्यायालयाचे काम नव्हे, म्हणून दांपत्याचा दावा फेटाळला. त्यांनी पुढच्या वर्षांच्या करासाठी पुन्हा दावा लावला, आणि 2008 च्या डिसेंबरात तोही फेटाळला गेला. त्या दांपत्याला वजावट मिळाली नाही, आणि सायंटॉलॉजीची करमाफी कायम आहे.